हळद प्यालेली मोटार

वाचकहो, खरं सांगा: घरातलं काही बिघडलं, तर ते नेमकं कुठे बिघडलं हे तुम्ही आधी पाहता, की हाताशी असेल ते औषध वरून ओतून मोकळे होता?

उत्तराची घाई नको. मी नुकताच नागपूरहून जबलपूरला एका म्हाताऱ्या मोटारीतून जाऊन आलो. धडधाकट गाडी जो रस्ता दिवसाभरात संपवते, त्या रस्त्यावर आम्ही शनिवारी सकाळी निघालो आणि सोमवारपर्यंत होतो. अंगातला शीण अजून उतरलेला नाही, रागही उतरलेला नाही. ज्यांना या रस्त्याने जाण्याची हौस आहे त्यांनी ही हकीकत वाचावी. ज्यांच्या मुली शाळेत जाण्याजोग्या झाल्या आहेत त्यांनी तर वाचावीच.

आम्ही तिघं होतो. माझी चुलत बहीण अंबूताई, मी आणि मोटार हाकणारा गेंदालाल. अंबूताई लग्नानंतर वर्षाच्या आतच विधवा झाली. माझ्या वडिलांनी तिला परत आणलं, शिकवलं, शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घातलं. आमच्या घरात धान्याच्या कणग्यांपेक्षा सुधारणेच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं ओळखायला शिकलो तोही त्यांच्यावरूनच. पण पत्रक छापणं सोपं असतं. अंबूताईला नोकरी लागणं सोपं नव्हतं. अखेर जबलपुरातल्या मराठी मंडळींनी चालवलेल्या मुलींच्या एका शाळेत तिची नेमणूक झाली, तीही अटीवर. चैत्रातल्या त्या सोमवारी सकाळच्या प्रार्थनेला ती हजर पाहिजे. शाळेच्या सेक्रेटरींच्या मनात त्या जागेसाठी दुसऱ्या एक बाई होत्या, सवाष्ण आणि त्यांच्या नात्यातल्या. अंबूताई वेळेवर आली नाही की त्यांची नेमणूक करून सेक्रेटरी मोकळे होणार.

ही आतली गोष्ट आम्हाला जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका वकीलसाहेबांनी कळवली. कमिटीत अंबूताईच्या बाजूने बोलणारे ते एकटेच. त्यांची मोटार त्यांच्या लेकीला नागपूरला सासरी पोचवून रिकामी परत जायची होती. रेल्वेने गाड्या बदलत, पेट्या उचलत जाण्यापेक्षा हिच्यातूनच या, असं त्यांनी आग्रहाने सांगितलं. आम्ही आनंदाने बसलो. आनंद कामठीपर्यंत टिकला.

मनसर, खवासा, कुरईचा घाट

मोटार कोणे एके काळी एखाद्या साहेबाची असावी. कापडी टप, पितळेचं तोंड, आणि हातातल्या चाकाच्या दांड्यावर ठिणगी पुढेमागे करायची, म्हणजे इंजिनात ती लवकर किंवा उशिरा पाडायची, कळ. मनसर जवळ आलं तेव्हा त्या पितळी तोंडातून वाफेचा लोट उठला. गेंदालालने गाडी एका मोहाच्या झाडाखाली घेतली आणि खाली उतरून बिडी पेटवली, जणू ठरलेलाच मुक्काम होता. अंबूताई वाकून पाहायला गेली, तसा तो म्हणाला, "पास मत जाइए बाई साहब, मुँह पे थूकती है."

ज्यांनी मोटार नुसती रस्त्यावरून जाताना पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोटारीच्या तोंडाशी पाण्याची एक उभी जाळी असते, तिला रेडिएटर म्हणतात. इंजिनाभोवती तापलेलं पाणी वरच्या नळाने या जाळीत येतं, बारीक बारीक नळ्यांमधून खाली उतरताना वाऱ्याने निवतं, आणि खालच्या नळाने पुन्हा इंजिनाकडे जातं. आमच्या गाडीत पाणी ढकलणारा पंपदेखील नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड पाणी खाली बसतं, एवढ्याच न्यायावर सगळा कारभार. पाणी कमी झालं किंवा वाट अडली की कारभार बंद.

हे मी गाडीच्या खणात सापडलेल्या फाटक्या इंग्रजी माहितीपुस्तकात वाचलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. गेंदालालने ऐकून घेतलं. मग गमछा हाताला गुंडाळून, तोंड बाजूला करून त्याने झाकण हळूहळू फिरवलं, वाफ जाऊ दिली आणि इंजिन निवेपर्यंत पाण्याच्या डब्याला हात लावू दिला नाही. तापल्या तव्यावर थंड पाणी ओतलं तर काय होतं ते आपल्या घरात सर्वांना ठाऊक असतं. इथे तवा फुटतो.

त्याचं निदान होतं, ऊन. माझं निदान होतं, पंख्याचा पट्टा. पट्टा खरोखरच ढिला होता, तो ताणला. पुढच्या चढावर पुन्हा वाफ. मग जाळीत अडकलेले टोळ, चतुर आणि गवताची कुसळं आम्ही खराट्याच्या काडीने काढली. त्याने थोडा फरक पडला. मग पुस्तकात वाचलं की ठिणगी मागे राहिली तर इंजिन फार तापतं; ती कळ मी गेंदालालशी वाद घालून पुढे करायला लावली. गाडीने एक खोकला दिला आणि थोडी बरी चालली. खवाशाला थांबलो तेव्हा अंबूताईने खाली बोट दाखवलं. धुळीत एक ओला ठिपका होता, आणि आम्ही पाहत असतानाच त्याच्या शेजारी दुसरा पडला.

जाळी गळत होती. पाणी का कमी होतं, ते कळलं. गेंदालालचा चेहरा उजळला; या रोगावरचा उपाय त्याला ठाऊक होता. खवाशाच्या दुकानातून त्याने हळदीची पुडी आणली आणि सगळी जाळीत रिकामी केली. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकाशी जाते आणि फुगून तिथेच बसते. मी हसलो, पण खरं सांगायचं तर ठिपके थांबले. मोटारवाल्यांत हा उपाय सर्रास चालतो, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. आपल्याकडे बोट कापलं हळद, ठेच लागली हळद, खोकला झाला हळद; मोटार तरी का सुटावी?

कुरईच्या घाटात गेंदालालने आम्हाला उतरवलं. रिकामी गाडी पुढे कण्हत चालली आणि आम्ही तिच्यामागून धूळ खात. दोन्ही बाजूंना सागाचं उघडं रान, पळस फुलून गेलेला, आणि मोहाखाली फुलं वेचणाऱ्या गोंड बाया. त्यातल्या एकीने कंबरेवर हात ठेवून आमची वरात पाहिली आणि अंबूताईला विचारलं, "क्यों बाई, गाड़ी को घुमाने लाई हो?" सगळ्याजणी हसल्या. अंबूताईही हसली. तिने पदराने घाम पुसला आणि मला म्हणाली, मोटारीत बसून जाते असं साऱ्या आळीला सांगून आले मी.

सिवनी

सिवनीला आईची मावसबहीण राहते. तिचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत तिकडे गेलं आणि तिकडचंच झालं. त्या घरातलं मराठी ऐकून नागपूरकराच्या कानाला आधी गंमत वाटते, मग घरच्यासारखं वाटू लागतं. मावशीने दारातच अंबूताईच्या गालावरून हात फिरवला. "काहून गं, इतकी काहून वाळली? चलो, आधी हातपाय धुवा, बाकीचं मग सांगा."

मावशीकडे त्या दिवशी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गौर झोपाळ्यात बसवलेली, पुढे भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फुलं कापलेली. आंब्याची डाळ आपल्यासारखीच, फक्त खोबरं कमी आणि मिरची जास्त. पन्ह्यात मात्र वेलचीऐवजी भाजलेलं जिरं आणि पुदिना. आपलं पन्हं आणि त्यांचा आमपना यांचा या घरात कधीच संसार थाटला गेला आहे. बोलावणं शेजारच्या हिंदी बायांनाही होतं. त्या डोक्यावर पदर घेऊन आल्या, त्यांनी कपाळ पुढे केलं, ओटीत हरभरे घेतले, आणि पोरीबाळींची चौकशी दोन भाषांत मिसळून चालू राहिली. शेजारधर्म असा निभवावा, हे मला तिथे फार आवडलं.

अंबूताई मागच्या पडवीत बसली होती. तिला कुणी तिथे बसवलं नव्हतं. अशा वेळी कुठे बसायचं ते तिला माहीत असतं.

गाडी अंगणात उभी होती. ठिपके थांबले होते, पण सिवनीत शिरता शिरता ती सकाळपेक्षाही जास्त उकळली होती. गेंदालालच्या मते औषध कमी पडलं. तो पडवीच्या पायरीशी येऊन मावशीला म्हणाला की थोडी हळद मिळाली तर बरं. मावशी बाया गेल्यावर ताट आवरत होती. तिने भरलेली वाटीच उचलली. "थोड़ी काहून भैया? पूरी कटोरी ले जाओ. सुहागन के हाथ की है, गाड़ी कहीं नहीं रुकेगी."

पायरीजवळ अंबूताईच होती. वाटी घेऊन गेंदालालला द्यावी म्हणून तिने हात पुढे केला. मावशीचा हात मध्येच थांबला.

"तू राहू दे बाई," ती हळूच म्हणाली. "दत्तूजवळ देते." आणि तिने वाटी माझ्याकडे वळवली.

अंबूताईचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याच हाताने तिने पदर सारखा केला.

मी विचारलं, "मावशी, लोखंडाला हळद चालते आणि हिला चालत नाही?"

"मी तिले काही बोलून राहिली का?" मावशीचे डोळे खरोखर भरले. "रीत काय मी केली?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. या विषयावर लिहिलेली पत्रकं मला पाठ आहेत. पण अंबूताई मध्ये पडली. "दत्तू, तुझं भाषण जबलपूरसाठी ठेव. मला झोप येऊन राहिली आहे." ती मुद्दाम मावशीच्या ढंगात बोलली, आणि मावशीला रडता रडता हसू आलं. रात्री मावशीने स्वतः तिच्या पायांना तेल लावलं. ही बाई दुष्ट नाही, हे मी इथे स्वच्छ लिहितो. दुष्ट माणसांशी भांडणं सोपं असतं.

वाटी मीच नेऊन दिली. गेंदालालने ती सगळी जाळीत ओतली. सकाळी निघताना मावशीने वाटेत लागेल म्हणून आणखी एक पुडी बांधून दिली.

लखनादौन

रविवारचा दिवस आठवला की अजून घसा कोरडा पडतो. छपाऱ्याला वैनगंगा ओलांडली तेव्हा नदीत वाळूच जास्त होती. मैल-दीड मैल चाललं की वाफ, थांबणं, निवणं, पाणी, पुन्हा वाफ. गळती बंद, पट्टा ताठ, जाळी साफ, ठिणगी पुढे, आणि तरीही गाडी कालच्यापेक्षा वाईट. मी पुस्तक उलटं-सुलटं चाळत होतो. गेंदालाल प्रत्येक मुक्कामाला हळदीची चिमूट टाकत होता आणि गाडीच्या तोंडाला हात लावून कपाळाला लावत होता. अंबूताई सूर्याकडे पाहायची आणि मग रस्त्याकडे. तिच्या डोक्यात उद्याची प्रार्थना चालू होती, हे न सांगता कळत होतं. आज जबलपूर गाठलं नाही तर ट्रेनिंगची सगळी वर्षं एका सवाष्णीच्या कुंकवापुढे फुकट जाणार होती.

लखनादौनच्या अलीकडे एका विहिरीपाशी इंजिन आतून ठोकू लागलं. गेंदालालने ते तत्काळ बंद केलं. आता पुढे नेली तर जाम होईल, असं तो म्हणाला, आणि पुडी सोडू लागला.

"थांबा," अंबूताई म्हणाली.

तिने आपला पदर हाताला गुंडाळून जाळीच्या वरच्या भागाला लावला आणि झटकन काढला. मग खालच्या भागाला लावला. मग पदर सोडून नुसता तळहात तिथे टेकवला, आणि टेकवूनच ठेवला.

"दत्तू, इथे बघ. वर पोळतं आणि खाली गार आहे. तुझं पुस्तक काय सांगतं, गरम पाणी खाली येता येता निवतं ना? हे निवलेलं नाही. हे खाली आलेलंच नाही."

मी हात लावला. खरोखर, खालची जाळी विहिरीच्या काठासारखी थंड होती. मी म्हणालो, म्हणजे नळ्या चोंदल्या आहेत. तिने गेंदालालच्या हातातल्या पुडीकडे पाहिलं. "मघापासून मी तेच मनात म्हणते आहे. इतकी हळद पाण्यात घालून दिवसभर उकळत ठेवली तर भांड्याच्या बुडाला काय होईल?"

गेंदालालला ते पटेना. हळद शुभ वस्तू आहे, तिने कुणाचं वाईट कसं होईल? त्यातून ही तर गौरीपुढची, सुवासिनीच्या हातची. त्याला खोटं पाडण्याचा मला हक्क नव्हता. काल ठिपके थांबले तेव्हा त्याची पाठ मीही थोपटली होती. शुभ वस्तूचंही प्रमाण असतं, एवढंच त्या वेळी तिघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. "पी हळद अन् हो गोरी" म्हणून आपण माणसांना हसतो. इथे मोटार हळद पीत होती आणि काळवंडत होती.

आम्ही खालची तोटी सोडली. आधी काही आलंच नाही. गेंदालालने तार घालून हलवली तेव्हा पिठल्यासारखा दाट पिवळा गाळ पचकन खाली पडला, आणि पाठोपाठ थोडं पाणी. स्वच्छ पाणी वरून ओतलं तर ते वरच तुंबून राहिलं. नुसत्या पाण्याने हा लगदा सुटणार नव्हता. पुस्तकात लिहिलं होतं की रेडिएटर धुण्याच्या सोड्याने साफ करावा. लखनादौनच्या माळावर सोडा कुठला? तेव्हा अंबूताईला आठवलं की आमच्या आईने वकीलसाहेबांच्या घरी देण्यासाठी पापडखाराचा डबा दिला आहे. जबलपूरला चांगला पापडखार मिळत नाही, असा आईचा ठाम समज.

विहिरीवर चूल मांडली. पाणी तापवून त्यात पापडखार विरघळवला, वरून ओतला, इंजिन थोडा वेळ चालवलं, बंद केलं, पाणी निवू दिलं. अंबूताईने बाह्या वर सारून खालच्या नळाशी हात घातला आणि तोटी सोडली.

वाचकहो, खाली रक्तासारखं लाल पाणी वाहू लागलं.

गेंदालाल दोन पावलं मागे सरला आणि त्याने हात जोडले. मीही दचकलो. अंबूताई मात्र खाली बसल्या जागी हसू लागली. त्या दोन दिवसांत ती मनापासून हसली ती तेव्हाच. "अरे, कुंकू आहे हे! हळदीत खार घातला की कुंकूच होतं. माझी आजेसासू घरी करायची." तिने आपले दोन्ही हात वर धरले. कोपरापर्यंत पिवळे, आणि त्यावर लाल ओघळ. "बघ दत्तू, मोटारीने मला हळदीकुंकू दिलं."

मला हसता आलं नाही. काल तिचा जो हात एका वाटीपुढे अडला होता तो मला दिसत होता.

खाराचं पाणी आणखी दोनदा फिरवलं. मग जाळी सोडवून उलटी धरली आणि खालच्या तोंडातून पाणी घातलं, म्हणजे अडकलेलं होतं ते आल्या वाटेने परत जाईल. लाल, मग पिवळं, मग स्वच्छ. आणि स्वच्छ होताच गळती पुन्हा सुरू झाली, जिथे होती तिथेच. आता मात्र गेंदालालने आपली कारागिरी दाखवली. गळणाऱ्या दोन नळ्या शोधून त्याने त्या वर-खाली पकडीने चिमटून सपाट केल्या, साबण आणि सुताने बांधून टाकल्या. बाकीच्या नळ्यांवर गाडी चालेल, म्हणाला. हे काल का नाही केलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "भैयाजी, पूरी जाली खोलनी पड़ती. हल्दी में मेहनत नहीं लगती." याहून खरं वाक्य मला कुठल्याही पत्रकात वाचल्याचं आठवत नाही.

तोवर संध्याकाळ झाली होती. मोटारीचे दिवे लागत नव्हते, आणि पुढे जंगलाचा रस्ता. धर्मशाळेत राहावं लागलं. गेंदालालने गोवऱ्यांवर गक्कड, म्हणजे कणकेचे गोळे, भाजले आणि वांग्याचं भरीत केलं. आपल्या वऱ्हाडातल्या रोडग्यांचे हे चुलतभाऊ. तुपात बुडवून खाल्ले की दिवसभराचा शीण निम्मा होतो. अंबूताईने अर्धाच खाल्ला. जेवणाआधी आणि जेवणानंतर ती राख, माती, लिंबू लावून हात घासत होती. लाल गेला. पिवळा जाईना.

जबलपूर

उजेड फुटता फुटता निघालो. गाडी शहाण्यासारखी चालली. बरगीच्या चढावर मी जाळीकडे टक लावून बसलो होतो, वाफ नाही. तिलवाऱ्याला नर्मदा दिसली तेव्हा गेंदालालने "नर्मदे हर" म्हणून चाक सोडून हात जोडले आणि आमचा जीव वर गेला. मैयाचं पाणी गाडीत घालून पुढे जाऊ, असं तो म्हणत होता. अंबूताईने नदीला नमस्कार केला आणि म्हणाली, परतताना घाला, आज नको. पण घाटावर स्नानाची गर्दी होती. फुलवाल्या, पंडे, ओल्या साड्यांतल्या बाया रस्ताभर. त्यांच्यामधून आम्ही बैलगाडीच्या चालीने सरकत होतो. अंबूताई पदराखाली हात लपवून ताठ बसली होती. वर आलेला सूर्य आम्हा तिघांनाही दिसत होता.

शाळा सराफ्याच्या मागच्या गल्लीत एका माडीवर भरते. गल्लीत मोटार जाईना, म्हणून आम्ही पायी गेलो. दुकानं उघडत होती. सोनारांच्या नजरा सवयीने बाईच्या हाताकडे जातात; तिथे बांगडी नव्हती, हळद होती. पांढऱ्या लुगड्यातली, कोपरापर्यंत पिवळ्या हातांची बाई त्यांनी पाहिली आणि मान वळवून पुन्हा पाहिली.

प्रार्थना संपली होती. जिन्यात मुलींना पोचवायला आलेल्या आया उभ्या होत्या. सेक्रेटरी दारात, वकीलसाहेब त्यांच्या शेजारी. आतल्या बाकावर एक बाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्या कोण हे विचारावं लागलं नाही.

वकीलसाहेबांनी पुढे होऊन सांगितलं, उशीर माझ्या मोटारीने केला, बाईंनी नाही. दोष द्यायचा तर मला द्या. सेक्रेटरी ते ऐकून घेत होते, पण पाहत होते अंबूताईच्या हातांकडे. जिन्यातली एक आई दुसरीला म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं, "काहून हो, ह्या तर विधवा न? मग हातांले हळद कायची?"

सेक्रेटरींनी तोच प्रश्न अधिक सभ्य शब्दांत विचारला.

मी तोंड उघडलं. अंबूताईने माझ्याकडे न बघता पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले.

"मोटारीची आहे," ती म्हणाली. "पुष्कळ घासली, निघत नाही. खडू कुठे ठेवता?"

खिडकीत खडूचा डबा होता. तिने त्यातला एक उचलला आणि वर्गात जाऊन फळ्यावर आपलं नाव लिहिलं. बाकावरच्या बाई थोडा वेळ बसल्या, मग उठून गेल्या. त्या चांगल्या वाटल्या मला. जाताना त्यांनी अंबूताईला नमस्कार केला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. मी पुढे काही दिवस वकीलसाहेबांकडे राहिलो, म्हणून उरलेली सांगतो. मंगळवारी वर्गात काही जागा रिकाम्या होत्या. बुधवारी त्याहून जास्त. नर्मदेच्या ग्वारीघाटावर आणि सराफ्यात गोष्ट पसरली होती की नागपूरची एक विधवा हळद लावून शिकवायला आली आहे. हात तोवर स्वच्छ झाले होते, पण ते पाहायला कुणी येत नव्हतं. मी निघालो त्या दिवशी तिच्यापुढे चार मुली होत्या. सेक्रेटरींनी तिला काढलेलं नाही. ते फक्त म्हणाले की हा महिना संपेपर्यंत वर्ग भरला नाही तर तो बंद करावा लागेल, कमिटीचा नाइलाज आहे.

मी अंबूताईला म्हणालो, यावर मी एक पत्रक काढतो, सगळ्यांची नावं घालतो. ती वह्या तपासत होती. थकली होती. "पत्रक नको दत्तू," ती म्हणाली. "मुली पाहिजेत."

तेव्हा हे पत्रक नाही. जबलपुरात राहणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती, की वर्ग सकाळी भरतो, सराफ्याच्या मागे, माडीवर; उद्या आपल्या मुलीचा हात धरून तिला तिथे नेऊन बसवा. ज्यांचे आप्त जबलपुरात आहेत त्यांनी हा अंक खाली ठेवायच्या आधी त्यांना चार ओळी लिहाव्यात. मुलगी नसेल तर शेजारच्यांची न्या. महिना अजून सरलेला नाही.